सारंगाच्या घरातला गंज

आमच्या घरात लोखंडाला सुखानं जगता येत नसे. राजिवड्याला खाडीच्या तोंडावर घर, वारा बारा महिने खारट, आणि अशा वाऱ्यात भिंतीत खिळा ठोकला की तो त्याच दिवसापासून म्हातारा व्हायला लागतो. विळीचं पातं, शिवणयंत्राचं चाक, कपाटाची किल्ली, सगळ्यांना मा खोबरेल तेलाचं बोट लावून ठेवायची. पण तेल हा घरगुती उपाय झाला. खरा इलाज अब्बांच्या हातात होता आणि अब्बा वर्षातले फार थोडे दिवस घरी असत. ते मालवाहू जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवर काम करणाऱ्या खलाशांचे मुकादम. सारंगाचं काम नेमकं काय असतं, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "गंज काढायचा आनी रंग लावायचा. पुढच्या नाळेपासून सुरवात करून मागपर्यंत जायचा, तवर नाळेवर परत गंज आलेला असतो." हातोडीनं पापुद्रे पाडायचे, तारेच्या ब्रशनं घासायचं, मग रेड ऑक्साईडचा तांबडा हात आणि त्यावर करड्या ऑइलपेंटचे दोन हात. जगातली सगळी बंदरं त्यांनी पाहिली होती, पण मला वाटतं त्यातली निम्मी त्यांनी खाली वाकून, ब्रश हातात धरूनच पाहिली असावीत.

सुट्टीवर आले की पहिले काही दिवस पाहुणे, मासे आणि झोप. मग एका सकाळी जिन्याखालचे डबे बाहेर यायचे आणि आम्हाला कळायचं की आता घराची पाळी. खिडक्यांचे गज, फाटक, लोखंडी खाट, पत्र्याच्या पेट्या, पाण्याची टाकी, विहिरीच्या खांबातली बादली अडकवायची कडी, सगळं जहाजाच्या करड्या रंगात न्हाऊन निघे. मा तिचा तवा लपवून ठेवायची. आमच्या मोहल्ल्यात आमच्या घराला कुणी नावानं ओळखत नसे, 'ती बोट' म्हणत. अब्बांना त्याचा राग नव्हता, उलट ते खूश व्हायचे. रत्नागिरीत एवढ्या घरांची लोखंडं सडतात आणि आपल्या घरात गंजाचा एक ठिपका दाखवा, अशी त्यांची ऐट होती. हे सगळं आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढं मी जे केलं ते किती मोठं पाप होतं हे लक्षात येणार नाही.

एका सुट्टीत अब्बांनी जपानच्या कुठल्याशा बंदरातून माझ्या धाकट्या भावासाठी, इक्बालसाठी, एक खोका आणला. झाकणावर लष्करी गाडीचं चित्र होतं. पुढं ट्रकसारखी चाकं, मागं रणगाड्यासारखे पट्टे, वरून उघडी, आणि पोटापर्यंत चिखलानं माखलेली. अशा गाडीला हाफ-ट्रॅक म्हणतात हे मला फार पुढं कळलं. आम्ही तिला पट्ट्याची गाडी म्हणत होतो. इक्बालनं मोठ्या उत्साहानं खोका उघडला. आत प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लटकलेले बारीकबारीक सुटे भाग. "ही तर मोडलेली हाय!" असं ओरडून तो बॅट घेऊन वाळूत खेळायला पळाला. अब्बांचा चेहरा पडला, मा हसली, आणि खोका कपाटावर गेला. अब्बा बोटीवर परत गेले त्या आठवड्यात मी स्टुलावर चढून तो खाली काढला. तेव्हा मी नववीत होते. घरात कुणाला न विचारता केलेली ती माझी पहिली गोष्ट असेल आणि मला ती फार आवडली.

मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी मी पाट मांडला. आतून पाट्यावर वाटप वाटल्याचा आवाज यायचा, खाडीतून मचव्यांच्या इंजिनांची टकटक, दुपारी मासेवालीची हाक, मग असरची अजान, आणि या सगळ्याच्या मधे मी अब्बांच्या दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं चौकटीतून एकेक भाग सोडवत बसलेली. सोबतच्या कागदावरचं अक्षर जपानी, पण चित्रांवर आकडे होते आणि आकडे मला येत होते. सरसाची ट्यूब उष्णतेनं दगड झालेली निघाली. मग मी जिन्याखालचा थिनर काढला. थिनरचा थेंब प्लास्टिकला लागला की प्लास्टिक मऊ पडतं आणि दोन मऊ कडा दाबून धरल्या की एकजीव होतात, हे मी एक चाक वितळवून शिकले. बॉनेटवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला तो कायमचा. "घरात बोट आली काय गो? कसला वास हा?" असं मा आतून विचारायची आणि नारळाच्या रसात बुडवलेलं घावन माझ्या तोंडात घालून जायची, कारण माझ्या बोटांना थिनर असायचा. हल्लीच्या पोरांकडे चिमट्यांचे संच असतात, भिंगाचे दिवे असतात, आणि प्रत्येक पायरीचा व्हिडिओ असतो. असू दे. घावन भरवणारं कुणी असतं का, ते मात्र मी त्यांना विचारते.

गाडी उभी राहिली. खिडक्यांच्या लाकडी झडपांच्या हिरव्या रंगात थोडा काळा, थोडा पिवळा घालून मी लष्करी हिरवा बनवला आणि तिला रंगवलं. रंग वाळला आणि मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा मला एवढं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. ती नवी कोरी, चकचकीत आणि खोटी दिसत होती. जत्रेत मिळते तशी. झाकणावरच्या गाडीनं काहीतरी भोगलं होतं आणि माझीनं काहीच भोगलं नव्हतं. नुसता चिखल थापून पाहिला, तर ती चिखल थापलेली नवी गाडी दिसायला लागली.

त्याचं उत्तर मला मिरकरवाड्याच्या जेटीवर मिळालं. मासळी आणायला मी माबरोबर जायची. तिथं बर्फाचा एक ट्रक उभा असायचा. बर्फ वितळायचा, त्यात मासळीचं मीठ मिसळायचं, आणि ते खारं पाणी वर्षानुवर्षं ट्रकच्या अंगावरून गळत राहायचं. मा पापलेटच्या डोळ्यांत बघून भाव करायची, तेवढ्यात मी त्या ट्रककडे बघत उभी राहायची. बघता बघता लक्षात आलं की गंज वाटेल तिथं येत नाही. जिथं पाणी थांबतं तिथं येतो, बिजागरीखाली, पत्र्याच्या जोडात, बोल्टच्या भोवती. तिथून तो खाली ओघळतो आणि ओघळताना फिकट होत जातो. जिथं रोज पाय पडतो त्या पायरीवर रंग उडालेला असतो पण गंज नसतो, तिथं पत्रा चमकतो. त्या ट्रकवर एकही डाग बिनकारणाचा नव्हता. ट्रकवाला मला म्हणाला, "काय बघतंस गो बाय, इकत घ्यायचाय काय?" मी म्हटलं, "नाय, बनवायचाय."

आता बनवायचा कसा? कैरीनं दाखवलं. पडवीत बसून मी तिखटमीठ लावलेली कैरी खात ओल्या रंगाकडे बघत होते, आणि मिठाचे चार खडे गाडीच्या दारावर पडले. काढायला गेले तर रंग फिसकटणार, म्हणून राहू दिले. वाळल्यावर नखानं उडवले, तर खाली रंगाचे टवके उडालेली भोकं, वेडीवाकडी, अगदी बर्फाच्या ट्रकसारखी. हातानं कितीही काढली असती तरी तशी जमली नसती. मी उरलेली कैरी तशीच टाकून उठले. मग रीतच बसवली. आधी सगळ्या गाडीला गंजाचा रंग द्यायचा. अंगणाभोवतीच्या गडग्याचा जांभा दगडावर घासून त्याचा भुगा माच्या जुन्या ओढणीतून गाळून घ्यायचा, विहिरीच्या कडीवर अब्बांचा रंग उडून पुन्हा आलेला खरा गंज खरवडून त्यात मिसळायचा आणि वॉर्निशात कालवायचं. त्यावर, जिथं पाणी थांबेल असं वाटतं तिथंच, मीठ चिकटवायचं. वरून हिरवा रंग. वाळल्यावर ओल्या बोटानं मीठ चोळून काढायचं. धुराड्याला चुलीची काजळी, पट्ट्यांत जांभ्याची माती, आणि मागच्या भागात मच्छरदाणीच्या तुकड्याची ताडपत्री, कोऱ्या चहात बुडवून मळवलेली. महिनाभर मी तेच केलं. मीठ कुठं जातंय हे माच्या लक्षात येईना, कारण मी ते मुठीनं नेत होते.

शाळेत आमचं मुलींचं हस्तकला प्रदर्शन भरायचं. टेबलक्लॉथ, कागदी फुलं, शिंपल्यांचे प्राणी. मी नाव द्यायला गेले तेव्हा चित्रकलेच्या बाईंनी दोनदा विचारलं, "काय? लढाईची गाडी?" मी म्हटलं, "हो बाई, पट्ट्याची गाडी." त्या विचार करून म्हणाल्या, "आण. पण नीटनेटकी आण हो." माझ्या नावापुढं त्यांनी 'गाडी' असं लिहिलं. जुबेदा आणि गाडी, हे शेजारी शेजारी लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ती गाडी त्या टेबलावर, मी केली तशी, माझ्या नावानं उभी राहणार, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं. दुसरं काही दिलं असतं तरी घेतलं नसतं.

आणि प्रदर्शनाच्या तोंडावर अब्बा आले. बोट मुंबईला दुरुस्तीला लागली म्हणून न सांगता सवरता आले. मानं बांगड्याचं तिखलं केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, शेजारपाजार येऊन गेला. जेवताना अब्बांचं लक्ष फळीवर गेलं. गाडी तिथं होती. त्यांनी घास हातात धरून बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, मग इक्बालकडे पाहिलं, आणि खाली मान घालून जेवले. मी मूर्खासारखी मनात खूश झाले. मला वाटलं, अब्बांना आवडली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना फाटकाशीच ऑइलपेंटचा वास आला. समोरच्या पडवीत वर्तमानपत्रावर गाडी उभी होती. करडी. आरपार करडी, चकचकीत, दोन हात दिलेली. धुराडं करडं, पट्टे करडे, ताडपत्री फेकून दिलेली. आधी पॉलिश पेपरनं घासून, रेड ऑक्साईडचा हात देऊन, सगळं रीतसर. आणि दारावर, बोटीच्या नाळेवर नाव काढतात तशा पांढऱ्या, सुंदर, वळणदार अक्षरांत नाव काढलं होतं, 'इक्बाल'. अब्बा रॉकेलच्या फडक्याला हात पुसत उभे होते. इतके आनंदात होते की मला बघताच म्हणाले, "बघ गो, वाचवली! पार सडत आलेली. एवढ्या लांबून आनली आनी पोरानं काय हाल केलेले तिचे."

मला रडू आलं नाही. राग आला, आणि असा राग आला की माझे कान तापले. मी दप्तर खाली टाकलं. "कुनी सांगितला तुमाला?"

"सांगाया कशाला पायजे? गंज दिसला, काढला."

"तो गंज मी केला व्हता."

अब्बांना आधी वाटलं मी थट्टा करतेय. "केला व्हतास? गंज?"

"महिनाभर बसून केला. जांभा घासून, मीठ लावून, विहिरीच्या कडीचा गंज खरवडून. प्रदर्शनाला न्यायची हाय ती गाडी. माझ्या नावानं."

त्यांचं हसू जिरत गेलं. अब्बांनी आमच्यावर कधी हात उचलला नाही, आवाजही क्वचित चढवला, पण त्या दिवशी चढवला. दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. रंगानं आणि तारेनं फाटलेले, नखांच्या कडा कायमच्या काळ्या. "हे बघ. अख्खी जिंदगी त्याच्याशी झगडलो मी. तुमच्या तोंडात घास जातो तो त्याला काढून काढून. आनी माझी पोर घरात बसून गंज करते? सारंगाच्या घरातला गंज नेऊन मांडनार चार लोकांत?"

"हो. मांडनार."

मा आतून पदराला हात पुसत आली. "पन तुमी इचारलंत काय तिला?" ती अब्बांना म्हणाली.

"तिला कशाला इचारू? गाडी इक्बालला आनलेली."

इक्बाल उंबऱ्यात पेरू खात उभा होता. त्याच्याबद्दल मी आयुष्यभर पुष्कळ वाईट बोलले आहे, त्यातलं बरंचसं खरं आहे, पण त्या वेळी तो जे बोलला त्यासाठी मी त्याला सगळं माफ केलं. "मना नको ती," तो म्हणाला. "मोडलेली व्हती. हिनं जोडली."

अब्बा खुर्चीत बसले आणि हुकूम सोडला, "प्रदर्शनाला जायची तर अशी जाईल. नायतर जायची नाय." सारंगाचा हुकूम डेकवर कुणी मोडत नाही. मी गाडी उचलली, रंग अजून चिकटत होता, आणि म्हटलं, "जाईल ती मी करीन तशी. तुमी परत रंगवाल तर मी परत गंज लावीन. बघू कोन दमतो." असं बापाला बोलायची आमच्यात पद्धत नव्हती, अजूनही नाही. माचा हात तोंडावर गेला. पण आज या वयात मला कुणी ते वाक्य मागं घे म्हटलं, तरी मी घेणार नाही.

रंग काढायचा प्रश्नच नव्हता. थिनर लावला असता तर रंगाबरोबर गाडीही गेली असती. दुसरा दिवस रविवार. मी पाट घेतला आणि मागच्या पडवीत न जाता समोरच्या पडवीत, अब्बांच्या खुर्चीच्या समोर मांडला. मुद्दाम मांडला. जे करायचं ते भर उजेडात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर. पहिल्यांदा सुई घेऊन दारावरचं इक्बालचं नाव खरवडलं. अक्षर फार देखणं होतं, मला वाईट वाटलं, तरी खरवडलं. वरचा रंग अजून पुरता मुरला नव्हता, त्यामुळं त्याचे पापुद्रे निघत होते. करड्याखालून तांबडा दिसला, अजून खोल गेलं की माझा हिरवा, आणि त्याखाली माझा गंज. मी थबकले. इतक्या थरांची गाडी मी स्वतः सात जन्मात केली नसती. ही खरोखर कुणीतरी वापरलेली, कुणीतरी दुरुस्त केलेली आणि पुन्हा वापरलेली दिसायला लागली होती. हे मी अब्बांना सांगितलं मात्र नाही. तेव्हा त्यांना काही चांगलं सांगायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

वरून हिरवा, मग मीठ, मग पुन्हा बारीक काम. अब्बा खुर्चीत वर्तमानपत्र धरून होते, पण पान उलटत नव्हतं. सुईचा आवाज झाला की त्यांच्या कपाळावर आठी यायची. दिवसभर खुडबूड चालू असायची त्यांची, त्या दिवशी उठले नाहीत. मानं चहा आणला, तो त्यांनी गार होऊ दिला. मी जांभ्याचा गंज घेऊन दाराच्या मधोमध एक मोठा डाग लावायला लागले तेव्हा वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"थितं नाय."

मी मान वर केली नाही. "काय थितं नाय?"

"थितं पानी थांबत नाय. सपाट हाय. पानी सरळ खाली जाईल. बिजागरीखाली बघ."

मी बिजागरीखाली बघितलं. ते बरोबर होतं, आणि बरोबर असल्याचा मला भयंकर संताप आला. मी मधला डाग पुसला आणि बिजागरीखाली लावला. थोड्या वेळानं खुर्ची जवळ सरकली. "ओघळ उतरव खाली. एवढी रुंद नको. दोऱ्यासारखी." मी दोऱ्यासारखी उतरवली. मग त्यांनी पायरीकडे बोट केलं, "हितं राहिला. हितं गंज पायजे."

"नाय," मी म्हटलं. "हितं नाय येनार. हितं बूट घासतात. रंग गेला तरी पत्रा चमकल."

अब्बा पायरीकडे बघत राहिले. मला आठवतं, त्यांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, जणू ते जहाजाच्या शिडीवर उभे होते. "बूट," ते स्वतःशी म्हणाले. "हो. शिडीवर मधे कधीच येत नाय. कडेला येतो." आणि त्यांचा हात सवयीनं ब्रशकडे आला.

"हात लावायचा नाय," मी म्हटलं.

त्यांनी हात मागं घेतला. दोन्ही हात पाठीमागं एकात एक धरले आणि तसेच वाकून, ऊन उतरेपर्यंत माझ्या खांद्यावरून बघत राहिले. आम्ही भांडत होतो. पट्ट्याला चिखल किती, धुराडं आधी गंजेल की शेवटी, यावर जोरजोरात भांडत होतो आणि फाटकावरून जाणारे लोक थांबून बघत होते. हुकूम त्यांनी मागं घेतला असं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

प्रदर्शनाला मी गाडी स्वतःच्या हातात धरून नेली. अब्बा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मागून चालत आले. शिंपल्यांचा मोर आणि क्रोशाचा रुमाल यांच्या मधे तिला जागा मिळाली. पाहुणे म्हणून बोलावलेले एक साहेब एकेका टेबलापाशी थांबत, मान डोलावत येत होते. माझ्यापाशी आले आणि हसले. "भावानं केली वाटतं?"

"नाही. मी केली."

"हो का? छान, छान. पण पोरी, किती धूळ आणि गंज साचलाय यावर! मुलीच्या हातची वस्तू कशी स्वच्छ हवी." आणि अगदी प्रेमानं, खिशातला रुमाल काढून ते बॉनेट पुसायला वाकले.

"हात लावू नका," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं असावं, कारण शेजारच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. बाईंचा चेहरा पांढरा झाला. साहेबांचा रुमाल हवेत राहिला. तेवढ्यात मागून अब्बा पुढं आले. वाटलं, आता हे माफी मागायला लावणार.

"साहेब," अब्बा म्हणाले, "मी सारंग हाय जहाजावरचा. गंज काढायचाच धंदा माझा. पन ह्यो गंज तिनं केलेला हाय. मना पन काढू दिला नाय तिनं."

साहेबांना त्यातलं काही कळलं नसावं. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि ते मोराकडे वळले. पहिलं बक्षीस मोराला मिळालं. मोर सुंदर होता, मला त्याचा राग नाही. थोडा आहे. परतताना खाडीच्या रस्त्यावर अब्बा एकदम म्हणाले, "तुझ्या त्या साहेबाला समुद्रावर न्यायला पायजे."

आता मी म्हातारी झाले. गाड्या पुष्कळ केल्या, अजून करते. पुण्यामुंबईच्या प्रदर्शनांत विशीपंचविशीची पोरं येऊन विचारतात, आजी, गंजासाठी तुम्ही कुठल्या कंपनीचं पिगमेंट वापरता? मी सांगते, जांभा, मीठ आणि राजिवडा. ती हसतात. पहिली गाडी माझ्यासमोर टेबलावर आहे. बॉनेटवर अंगठ्याचा ठसा, दारावर बारकाईनं पाहिलं तर पांढऱ्या रंगाचा एक कण अजून दिसतो. तो मी ठेवला आहे.

प्रदर्शनाच्या त्या सुट्टीच्या शेवटी अब्बांनी नेहमीप्रमाणं घर रंगवायला काढलं. गज झाले, फाटक झालं, खाट, पेट्या, टाकी, सगळं करडं झालं. ते डबे जिन्याखाली ठेवून हात धूत होते तेव्हा शेजारचे हसनचाचा पाणी न्यायला आले आणि विहिरीच्या खांबाकडे बघून ओरडले, "अरे सारंग! म्हातारा झालास काय? कडी राहिली तुझी. गंजून गेलीय पार!"

मी पडवीतच होते. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. साबण पुन्हा हातावर फिरवत म्हणाले, "राहिली नाय. ती जुबेदाची हाय."

त्यानंतर त्यांनी त्या कडीला कधी रंग लावला नाही. प्रत्येक सुट्टीत सगळं घर रंगवायचे आणि तिच्यापाशी येऊन, हात मागं धरून, वाकून बघायचे. ते गेले. इक्बाल कुवेतहून कायमचा परतला, त्यानं खिडक्या ॲल्युमिनियमच्या केल्या, फाटक स्टीलचं केलं, विहिरीवर पंप बसवला. मागच्या उन्हाळ्यात पंपवाला ती कडी कापायला कटर घेऊन उभा राहिला. कडी कसली, गंजाचा एक वाकडा कागदच राहिलाय आता तिचा. मी पडवीतून उठून गेले, गुडघे कुरकुरले तरी गेले, आणि मधे उभी राहिले. इक्बाल म्हणाला, "बुबू, काय कामाची हाय ती?"

मी म्हटलं, "हात लावायचा नाय."